डोक्यावरचं पीठ

शाळेच्या नाटकातल्या आजीचा टोप उंदरांनी खाल्ला, आणि तिथून हे सगळं रामायण सुरू झालं.

टोप तसा जुनाच. पण कपाट उघडलं तेव्हा आत एक रबरी पट्टी, चार पांढरे धागे आणि उंदराच्या पिल्लांचा सुखाचा संसार एवढंच निघालं. नाटकाच्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. हे कळलं मंगळवारी, आणि प्रयोग शनिवारी संध्याकाळी पाचला! आजीचं काम ज्या पोरीला दिलं होतं तिचे केस कमरेपर्यंत, आणि काळे कसे, तर कुळकुळीत.

"केस पांढरे करून ये," बाई तिला म्हणाल्या. "पण बाजारातला रंग लावायचा नाही हं. मागे एकीने लावला, तर महिनाभर हिरव्या डोक्याने वर्गात बसली होती. सोमवारी केस पुन्हा काळे दिसले पाहिजेत. शुक्रवारच्या तालमीला करून दाखव. नाही जमलं तर दुसरी कोणीतरी डोक्याला फडकं बांधून करेल आजी."

पोरगी घरी आली ती रडवेली होऊन. हिचं नाव काहीही असो, घरात नि गल्लीत ती चिमटी. जन्मली तेव्हा एवढीशी होती की बाप म्हणाला, "ही तर चिमटीभरच आहे!" बेकरीवाल्याला दुसरं माप कुठलं सुचणार? आता अकरा वर्षांची झाली, तरी चिमटी ती चिमटीच. तिला नाटकात पहिल्यांदाच तोंड उघडायला मिळालं होतं. याआधी दोन वर्षं ती झाड होती.

"हात्तिच्या! एवढंच ना?" बेकरीवाला म्हणाला. तो पावाचे ट्रे भट्टीतून काढत होता, आणि नेहमीसारखा भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा होता. "अगं, काळ्याचं पांढरं करण्यात तुझ्या बापाचा जन्म गेला. डाव्या हातचा मळ आहे माझ्या!"

"आधी उजव्या हातचा पाव बघा, करपतोय," गल्ल्यावरून बायको म्हणाली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. मागच्या वर्षी शाळेत खेळांचा दिवस होता. बेकरीवाला भट्टीवरून तसाच धावत गेला. डोक्यावर हे एवढं पीठ. मैदानाच्या दोरीपाशी उभा राहून तो पोरीला हात करत होता. तेव्हा चिमटीच्या बाकावरची मैत्रीण, जिला सगळे लंबू म्हणतात, तिने विचारलं, "ते तुझे आजोबा का गं?" आणि चिमटी त्याच्याकडे एकदा बघून म्हणाली, "हो."

बस्स, एवढंच. पोरीची जात, लाज वाटली असेल, सुटलं तोंडातून. पण बाप दोन पावलांवर होता. त्याने ऐकलं. घरी येऊन तो कोणाला एका शब्दाने बोलला नाही, बायकोलासुद्धा नाही. वय चव्वेचाळीस, आणि आजोबा! पहाटे तीनला उठून पीठ मळताना ते 'हो' त्याच्या कानात वर्षभर वाजत होतं. म्हणून त्याने मनाशी ठरवलं होतं की या वेळी नाटकाला जायचं ते स्वच्छ डोकं धुऊन, भांग पाडून, बाप म्हणून जायचं. कोणी बोट दाखवून विचारलंच, तर पोरीला खोटं बोलायची वेळ यायला नको.

बुधवारी केसांवरचे प्रयोग सुरू झाले. पहिला मान पिठीसाखरेला. ती सगळ्यात बारीक, सगळ्यात शुभ्र. चिमटीचं डोकं खरंच कापसाचं दिसायला लागलं आणि बेकरीवाल्याने मिशीला पीळ दिला. अर्ध्या तासात मुंग्यांची रांग खुर्चीच्या पायावरून वर निघाली. पोरगी किंचाळत मोरीकडे पळाली.

गुरुवारी त्याने मैदा घेतला, आणि तो चिकटून राहावा म्हणून केसांवर पाण्याचा हात फिरवला. अहो, तीस वर्षं पीठ मळणाऱ्या माणसाला पाणी नि मैदा एकत्र आल्यावर काय होतं हे सांगायला हवं का? पण तो पोरीच्या डोक्याकडे बघत होता, पिठाकडे नाही. बायको आत आली तेव्हा तो चिमटीच्या वेणीतून कणकेचे गोळे सोडवत बसला होता.

"आता फुगायला ठेवता की थेट भट्टीत?" तिने विचारलं.

"आई!" चिमटी रडू की हसू अशा आवाजात ओरडली. "उद्या तालीम आहे! बाई दुसरीला देतील माझं काम!"

तेव्हा मात्र बेकरीवाल्याची अक्कल ठिकाणावर आली. साखर नको, मैदा नको, पाणी तर नकोच नको. शुक्रवारी सकाळी त्याने पोरीच्या केसांतलं तेल दोनदा धुऊन काढलं, केस खडखडीत वाळवले, बोटाला जेमतेम दिसेल एवढं कोल्ड क्रीम केसांवरून फिरवलं, आणि केकवर वापरायची बारीक चाळणी घेऊन वरून कॉर्नफ्लोअर चाळलं. मग केकचाच मऊ ब्रश घेऊन एकेक बट झाडली. आधी कानांजवळ, मग भांगाच्या दोन्ही बाजूंना, मागे मात्र थोडं काळं राहू दिलं.

"मागे का ठेवलं काळं?" बायकोने विचारलं.

"माणूस एकदम पांढरा होत नाही. आधी कानशिलं पिकतात. निरीक्षण लागतं त्याला," तो ऐटीत म्हणाला.

बायको त्याच्या कानशिलांकडे बघत काहीतरी बोलणार होती, पण गिऱ्हाईक आलं म्हणून गल्ल्यावर गेली. चिमटी आरशात बघत होती. आरशात दोन डोकी होती, एक तिचं आणि एक मागे ब्रश घेऊन उभ्या असलेल्या बापाचं.

"अगदी तुमच्यासारखे झाले, बाबा!"

"माझं पीठ आहे," बेकरीवाला घाईने म्हणाला. "उद्या बघ, धुतलं की कसे काळेभोर."

तालमीत बाई खूश झाल्या. काम चिमटीचंच राहिलं.

शनिवारी दुपारी पोरीचे केस परत तसेच करून झाले. मायलेकी तीनला शाळेत निघणार होत्या, कारण पडद्यामागे बसून केस सांभाळायचं काम आईकडे होतं. बेकरीवाला मोरीत गेला. साबण लावून डोकं धुतलं, पंच्याने पुसलं, आरशात बघितलं. कानांजवळ पीठ राहिलंच होतं. पुन्हा धुतलं. भांगाजवळचं निघेना. तिसऱ्यांदा डोकं असं खसाखसा घासलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि पंचा घेऊन तो बाहेर आला.

"अगं, हे पीठ निघत कसं नाही? कुठला साबण आणलास हा?"

बायको चपला घालत होती. थांबली. "अहो, किती धुताय? टक्कल पडेल. ते पीठ नाहीये."

"मग काय आहे?"

"केस आहेत. तुमचे."

बेकरीवाला तसाच उभा राहिला. डोक्यावरून पाणी ठिबकत होतं.

"केव्हापासून?"

"झालं की दीड-दोन वर्षं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"आता नवऱ्याला त्याचंच डोकं मी दाखवायचं का? मला वाटलं, माहीत असेल. चांगले दिसतात. या लवकर, पुढे जागा धरा." आणि ती गेली. चिमटी दारात उभी होती, पांढरं डोकं, काठी, कमरेत वाकलेली. तिने बापाकडे एकदा बघितलं आणि आईमागून पळाली.

बिचारा बेकरीवाला! आरशासमोर बसला. दोन वर्षं ज्याला तो पीठ म्हणत होता ते पीठ नव्हतंच. म्हणजे लंबूचं काही चुकलं नव्हतं. तो आजोबाच दिसत होता. त्याला मनापासून वाईट वाटलं. पिकलेल्या केसांचं नाही हो, केस काय, पिकायचेच. पण आज पुन्हा तो दोरीपाशी, आणि पुन्हा ते 'हो'. पोरीने तरी किती वेळा खोटं बोलायचं?

आणि मग बेकरीवाल्याला बेकरीवाल्यालाच सुचेल अशी कल्पना सुचली. पांढऱ्यासाठी कॉर्नफ्लोअर, तर काळ्यासाठी काय? फळीवर कोकोचा डबा होता. गडद, झकास. नुसता कोको बसत नाही हे त्याला माहीत होतं, तो गडी त्या बाबतीत पक्का! त्याने लोणी घेतलं, त्यात कोको फेटला आणि ब्रशने कानशिलांपासून टाळूपर्यंत व्यवस्थित थर दिला. भांग पाडला. आरशातला माणूस पस्तिशीचा दिसत होता. "वा रे पठ्ठ्या!" असं स्वतःलाच म्हणून त्याने पांढरा इस्त्रीचा सदरा घातला आणि निघाला.

शाळेच्या सभागृहात पहिल्या रांगेत, अगदी मधोमध जागा मिळाली. वर झगझगीत दिवे. सभागृह गच्च भरलं, दारं लावली, आणि उकाडा असा की लोक कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत होते. शेजारच्या बाईंनी नाक वर केलं.

"काय हो, शेवटी केक वाटणार आहेत का? मस्त वास सुटलाय."

"असेल, असेल," बेकरीवाला म्हणाला, आणि त्याच वेळी काहीतरी कोमट त्याच्या कानामागून मानेवर उतरलं. लोणी ते लोणी! तीस वर्षांत किती मण वितळवलं असेल याने, पण आठवण झाली का? छे! रुमाल काढून पुसायला गेला तर कपाळभर फासलं गेलं. उठून जावं, तर पडदा वर गेला होता. त्याने मान खाली घातली.

रंगमंचावर लंबू राजा झाली होती, कोळशाची मिशी लावून. तिला प्रधानाचा सल्ला पटत होता, आजीचा नाही. चिमटी काठी टेकत पुढे आली, कमरेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"राजा! हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत!"

सभागृहात खसखस पिकली. आता पुढे 'तीन राजे नि दोन दुष्काळ पाहिलेत मी' असं वाक्य होतं. चिमटीने तोंड उघडलं, आणि तसंच ठेवलं. वाक्य गेलं. पार गेलं. पडद्याआडून बाई कुजबुजत होत्या, पण त्या हशात ऐकू कसलं येतंय? तिचा चेहरा रडवेला झाला. तिने समोर बघितलं, बापाला शोधत.

बाप सापडला. पहिल्या रांगेत, दिव्याखाली. कपाळावर, गालांवर, पांढऱ्या सदऱ्यावर चॉकलेटी ओघळ, आणि जिथून कोको उतरला होता तिथे लख्ख पांढरी कानशिलं. तो दोन्ही हातांनी डोकं झाकायला बघत होता. पोरीला सगळं एका क्षणात कळलं, वर्षापूर्वीचं ते 'हो' बापाने ऐकलं होतं हेसुद्धा. मुलांना काही कळत नाही असं म्हणणारे मूर्ख असतात.

"हे केस," चिमटी म्हणाली, आणि आवाज आधी जरा कापला, मग चढला, "हे केस भट्टीसमोर पांढरे झालेत! रोज पहाटे तीनला उठून! तुम्ही सगळे झोपलेले असता तेव्हा! तुम्हाला सकाळी गरम पाव मिळावा म्हणून! कळलं का, राजा?"

पडद्याआड बाईंनी डोळे मिटून घेतले. राजाही गांगरला. पण लंबूही काही कमी नव्हती.

"कळलं, आजी," ती मिशीवर ताव देत म्हणाली. "मग पाव आणलाय का?"

सभागृह असं हसलं की दोन मिनिटं नाटक थांबलं. तेवढ्यात बाईंनी ओरडून दुष्काळांचं वाक्य सांगितलं आणि गाडी रुळावर आली. पुढचं नाटक बेकरीवाल्याने बघितलं की नाही कोण जाणे. तो रुमालात तोंड घालून बसला होता. शेजारच्या बाईंना वाटलं, माणसाला उकाडा सोसत नाही.

नाटक संपल्यावर शाळेच्या नळावर ही झुंबड. चिमटी डोकं नळाखाली धरून उभी होती, आणि तिच्या शेजारच्या नळाखाली बेकरीवाला. बायको मधे उभी राहून दोघांच्या डोक्यांवर साबण चोळत होती आणि हसून हसून तिच्या पोटात दुखत होतं.

"लोणी! अहो, लोणी! निदान थंड करून तरी लावायचं!"

चिमटीच्या डोक्यावरून पांढरं पाणी वाहत होतं, बापाच्या डोक्यावरून चॉकलेटी. थोड्या वेळाने दोन्ही पाणी स्वच्छ झालं. चिमटीचे केस पुन्हा कुळकुळीत झाले. बापाचे पांढरे झाले.

"बाबा," चिमटी हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी ना, खेळांच्या दिवशी, मी..."

"काय ते? मला काही आठवत नाही," बाप म्हणाला. "चल, पूस डोकं, सर्दी होईल."

तेवढ्यात लंबू मिशी धुवायला आली. तिने चिमटीच्या खांद्यावरून त्या ओल्या, पांढऱ्या डोक्याच्या माणसाकडे नीट निरखून बघितलं.

"ए, हे तुझे बाबा का गं?"

चिमटीने पंचा ओढून घेतला आणि बापाच्या डोक्यावर टाकून ती ते जोरजोराने पुसायला लागली.

"हो," ती म्हणाली.