अंधारासाठी कुठली छटा

आमचे हे रंगाच्या दुकानात छटा बनवतात. कुणी पडद्याचा तुकडा घेऊन येतं, कुणी उशीची खोळ, एकदा एक बाई सोललेलं संत्रं घेऊन आल्या होत्या. भिंतीला अगदी असाच रंग हवा म्हणतात. दुकानात छटा काढणारं यंत्र आहे, पण यंत्राने काढलेली छटा हे बोटावर घेतात, दारातल्या उजेडात जातात, नाक मुरडतात आणि परत येऊन काळ्याचे दोन थेंब टाकतात. लोक त्यांना रंगमास्तर म्हणतात. घरी मीही म्हणते, पण वेगळ्या सुरात.

मी शेजारच्याच दुकानात पडदे शिवते. संध्याकाळी दोन्ही शटर एकदमच खाली येतात आणि आम्ही जोडसायकलवरून घरी जातो. दोन सीट, दोन हँडल, चार पेडल. पुढचं हँडल वळतं, मागचं नुसतं धरायला. लग्न झाल्यापासून हे पुढे आणि मी मागे. मागच्याला समोर फक्त पाठ दिसते, म्हणून पुढचा ओरडून सांगतो, "खड्डा!" "वळण!" आणि सगळं निवळलं की, "रस्ता मोकळा!" हे ऐकलं की मी पायात जोर लावायचा. इतकं सरळ बोलणं आमच्यात दिवसभरात दुसरं होत नाही, म्हणून मला ही फेरी फार आवडते.

दिवस लहान झाले आणि घरी जाताना अंधार पडू लागला तेव्हाची गोष्ट. कालव्याकाठच्या रस्त्यावर यांनी "रस्ता मोकळा!" म्हटलं, मी जोर लावला आणि पुढच्याच क्षणी करकचून ब्रेक लागला. पुढचं चाक एका हातगाडीला जाऊन टेकलं होतं. गाडी काळपट, तिच्यावर दिवा नाही, हे खरं. पण सायकलचा दिवा चांगला आहे आणि गाडी रोज तिथेच उभी असते. कुणाला लागलं नाही. माझ्या डब्याचं झाकण तेवढं कालव्यात गेलं.

"धूळ गेली डोळ्यांत," हे म्हणाले. पडलो तरी नाक वर.

वारा नव्हता.

घरी पोचतो न पोचतो तोच मुलीचा फोन आला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाबा, अंधारात सायकल बंद. बसने यायचं." यांचा चेहरा पडला. माझाही पडला. बसमध्ये शेजारी शेजारी बसून आम्ही दोघं काय बोलणार?

"बंद-बिंद काही नाही," फोन ठेवल्यावर हे म्हणाले. "चष्मा चुकीचा आहे. वाऱ्यासाठी आणि चिलटांसाठी मी तो तपकिरी काचांचा लावतो ना, ती दिवसाची छटा. अंधाराची वेगळी असणार. ती शोधायची."

चौकात चष्म्याचं दुकान आहे, ते मुलीची शाळेतली मैत्रीण चालवते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यासमोर हजर.

"काका, रात्रीसाठी बिनरंगी काच," ती म्हणाली. "वर एक थर देते, म्हणजे समोरून येणाऱ्या दिव्यांची चकाकी कमी होईल. रंग मात्र नको."

"बिनरंगी?" आळणी भाजी वाढल्यासारखं तोंड करून हे म्हणाले. "आणि ती पिवळी काय वाईट आहे?" त्यांनी पिवळा चष्मा उचलून लावलासुद्धा. "हे बघ! दिवस उगवला!"

"तसं वाटतं. पण काचेला रंग दिला म्हणजे थोडा उजेड अडवलाच. दिवसा अडवला तर बरं वाटतं, रात्री मुळातच कमी असतो."

आता मला राहवेना. "अहो, पडदा कितीही तलम लावा, त्याने खोलीतला उजेड वाढलाय असं कधी झालंय का?"

"तू पडदे शीव," हे म्हणाले.

चष्मेवाली हसली. शेवटी तिने चार चष्मे बघायला म्हणून दिले: बिनरंगी, पिवळा, गुलाबी आणि नारंगी. "फक्त सायकलवर नका लावू. एका जागी उभं राहून बघा, मग ठरवा."

एक सांगते, आमचे हे हट्टी आहेत, पण लबाड नाहीत. आपली आवडती छटा आहे म्हणून त्यांनी कधी एखादा डबा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला नाही. चष्म्याचीही परीक्षा त्यांनी तशीच मांडली. प्लायवूडच्या छोट्या पाट्या कापल्या आणि राखाडी रंगाने रंगवल्या, एक जवळजवळ पांढरी, पुढची तिच्याहून गडद, असं करत शेवटची अगदी त्या हातगाडीसारखी. मागच्या अंगणातल्या काळ्या कुंपणावर ओळीने खिळे ठोकले. मग मला म्हणाले, "मी पाठ फिरवतो. तू पाट्या कुठेही अडकव, मधले काही खिळे रिकामे ठेव. कुठे काय आहे ते मला सांगू नकोस." हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा त्यांचा थाट होता.

अंधार पडल्यावर हे पायरीवर उभे राहिले. पिवळ्या चष्म्यातून सगळं कसं प्रसन्न दिसतंय म्हणाले, पण गडद पाट्या त्यांना सापडल्याच नाहीत. गुलाबीतून आणखी एक कमी दिसली. नारंगी लावून मला विचारलं, "अजून पाट्या लावल्या नाहीस का?" बिनरंगी काचेतून सगळ्यात जास्त दिसल्या, म्हणजे चष्मेवालीचं खरं निघालं. पण शेवटच्या दोन तिच्यातूनही दिसेनात. मग त्यांनी चष्माच काढला आणि नुसत्या डोळ्यांनी कितीतरी वेळ बघत राहिले.

"आता तू बघ," ते म्हणाले.

मी त्यांच्या जागी उभी राहिले. लावल्या मीच होत्या, पण आठवायची गरजच नव्हती. मला सगळ्या दिसत होत्या, ती हातगाडीच्या रंगाचीसुद्धा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला कळतं. मलाही दिसत नाही म्हटलं असतं तर काळोखावर खापर फुटलं असतं आणि आम्ही बिनरंगी चष्मा घेऊन मोकळे झालो असतो. पण यांनी इतक्या सचोटीने मांडलेल्या परीक्षेत मी खोटं कसं बोलू? शिवाय मागे बसून मलाच जायचं होतं.

"तिसऱ्या खिळ्यावर एक आहे," मी म्हटलं. "आणि एक टोकाच्या."

हे कुंपणापाशी गेले. हाताने चाचपलं. "आहे," तिथूनच म्हणाले.

परत येऊन पायरीवर बसले. "उद्या दुकानात सांगून टाकतो, छटेला दुसरा माणूस बघा."

तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की यांची भीती सायकलच्या फार पुढे गेली आहे. मी त्यांच्याशेजारी बसले. रात्री दोघांनाही झोप नव्हती, आणि दोघंही झोपल्याचं सोंग घेत होतो.

सकाळी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी खूप वेळ तपासलं. रोग काही नाही म्हणाल्या. वयानुसार बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही, कुणाची लवकर, कुणाची उशिरा. दिवसाचं काय, हे यांनी विचारायच्या आत मीच विचारलं. बाईंनी रंगांचे तक्ते पुढे ठेवले. यांनी ते धडाधड सांगितले आणि वर म्हणाले, "हा हिरवा उन्हाने उडालाय हं. तक्ता खिडकीपासून लांब ठेवत चला." बाईंनी तक्ता उलटून पाहिला आणि खरंच खिडकीपासून लांब ठेवला. मला तिथेच हसू आणि रडू एकदम आलं.

नोकरी वाचली. राहिली सायकल.

"विकून टाकू," संध्याकाळी हे म्हणाले, आणि म्हणता म्हणता साखळीला तेल घालत होते. विकायच्या सायकलला कुणी इतक्या मायेने तेल घालतं का? मी पाना घेतला आणि पुढची सीट खाली करायला लागले.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही मागची वर करून घ्या, तुमच्या उंचीला."

"तू पुढे? तुला वळवायला येतं का?"

"इतकी वर्षं तुम्हाला मागून वळवतेच आहे."

यांनी मागची सीट वर केली.

रविवारी शाळेच्या रिकाम्या मैदानावर सराव केला. पहिल्या फेरीत आम्ही झुडपात गेलो. हे मागून हँडल वळवायला बघत होते आणि ते वळत नाही म्हणून हँडलवरच चिडत होते. "अहो, ते नुसतं धरायचं असतं," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून काढताना मला जो आनंद झाला तो लपवत नाही. मुलीला कळवलं, तर म्हणाली, "आई, तू चालवणार? मग मला काळजी नाही. बाबांना असेल."

चौकातल्या दुकानात जाऊन मी बिनरंगी चष्मा घेतला. यांनी पिवळा उचलला.

"काका, इतकं सांगूनसुद्धा?" चष्मेवालीने कपाळावर हात मारला.

"मागच्याला कुठलाही चालतो," हे म्हणाले. "मला फक्त हिची पाठ बघायचीय. ती पिवळ्यात छान दिसते."

ती पोर लाजली. मीसुद्धा.

पहिल्या संध्याकाळी शटर खाली आली आणि आम्ही निघालो. "खड्डा!" मी ओरडले ते खड्डा गेल्यावर. "आधी सांग की गं!" मागून तक्रार आली. दुसरा खड्डा वेळेवर सांगितला. कालव्याकाठी वळलो तशी मी डोळ्यांत तेल घालून बघू लागले. हातगाडी तिथेच होती. मला ती लांबूनच दिसली. मी वेग कमी केला आणि सायकल बाजूने काढली.

"हातगाडी," मी म्हटलं.

"कुठे?"

"गेली मागे."

त्यांचे पाय नुसते पेडलबरोबर फिरत होते, जोर नव्हता. पुढचे दोन शब्द आता मी म्हणायचे होते. इतकी वर्षं मी ते ऐकले आणि डोळे मिटून जोर लावला. आता मागे माझा माणूस बसला होता. मी रस्ता पुन्हा एकदा पार टोकापर्यंत बघून घेतला.

"रस्ता मोकळा!"

मागून काही विचारणं नाही. त्यांनी एकदम जोर लावला, आणि आम्ही घराकडे सुटलो.