तापाची बारावी चिठ्ठी

शाळेच्या फाइलीत तिच्या नावाच्या अकरा चिठ्ठ्या होत्या. नऊ तापाच्या, दोन पोटदुखीच्या. अक्षर सगळ्यांत आईचं. प्रत्यक्षात वर्षभरात तिचं अंग एकदाही तापलं नव्हतं. वडील पिऊन धिंगाणा घालत त्याच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठी जाई. नववीच्या वर्गाने तिचं नाव ठेवलं होतं थर्मामीटर.

विज्ञानाच्या बाईंनी प्रयोग दिला. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. वर्गाची सरासरी अठरा आली. तिने नवावर पकडली.

"एवढी चपळ कशी गं तू?" बाईंनी विचारलं.

तिने पट्टी परत दिली. घरी वडिलांची खुर्ची सरकली की ताट भिरकावलं जाण्याआधी तिला ते उचलावं लागे.

घरचा अभ्यास होता, घरातल्या मोठ्या माणसाचे पाच प्रयत्न. आई चुलीपाशी अडकलेली, राहिले वडील. सकाळचे साडेसात वाजले होते. त्यांच्या कपातून येणारा वास चहाचा नव्हता.

"पप्पा, पट्टी सोडली की पकडायची."

"अगं, मी वखारीत अख्खे ओंडके करवतीखाली सरकवतो. तुझी पट्टी ती काय!"

पट्टी खाली पडली.

"सांगून सोड की!"

तिने सांगून सोडली. पुन्हा खाली. पाचव्या वेळी ते हसले नाहीत. नुसते बोटांकडे बघत राहिले.

"वीस लिही," आई म्हणाली. "कोण येतंय तपासायला?"

"आई, आठ वाजता हेच हात करवतीपुढे असणार."

आईने पोळी तव्यावरच टाकली, वहीचं पान फाडलं आणि भराभरा चार ओळी खरडल्या. "हे घे. आज घरीच राहा, शेजारच्या पोरीबरोबर पाठवून देऊ. घरातलं घरात राहू दे गं बाई, तुझ्या पाया पडते."

तिने चिठ्ठी घडी घालून आईच्या हातात परत ठेवली. "मला ताप नाहीये, आई."

वर्गात तिचा नंबर आला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "थर्मामीटर, आज किती?" खसखस पिकली. तिने वही उघडली. ती वाचू लागली.

"व्यक्ती : वडील. काम : करवतयंत्र चालवणे. वेळ : सकाळी साडेसात, दारू प्यायल्यानंतर. प्रयत्न : पाच. पट्टी पकडली : शून्य वेळा."