बिनहातांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मला हात नाहीत. पूर्वी होते.

माझी उमेदीची वर्षं रुग्णालयाच्या कचेरीत गेली. तिथला कारकून माझ्या हातांवर कोपरं टेकून डुलक्या काढायचा आणि जागा झाला की माझी तारीफ करायचा. पुढे चाकांच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे मी खिळखिळी झाले. कामाने नव्हे, नुसतं पडून राहून.

मला बाहेर काढलं ते म्हाताऱ्या रुग्णांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांना बिनहातांची खुर्ची हवी होती. सुताराने मला हलवून पाहिलं आणि लगेच करवत लावायला नकार दिला. आधी त्याने सांधे आवळले, सरस भरला, तो पुरता वाळू दिला आणि मगच माझे हात कापले. म्हणून मी आज उभी आहे.

माझं काम सोपं आहे. शस्त्रक्रियेआधी फार म्हाताऱ्या माणसांना माझ्यावर बसवतात. हात छातीशी घ्यायचे, कशाचाही आधार न घेता उठायचं, दारापर्यंत जाऊन परत यायचं. वय कागदावर लिहिलेलं असतं, पण मांड्यांत जोर किती उरलाय ते इथे दिसतं.

एकदा नव्वदी ओलांडलेल्या एक आत्या आल्या. जन्मभर टायपिंग शिकवलेलं, त्यामुळे बसल्या जागी बोटं गुडघ्यांवर चालायची. जांघेत हर्नियाची गाठ होती. मधूनच आतडं अडकायचं आणि त्या कळवळायच्या. सोबतच्या भाचीला ऑपरेशन याच आठवड्यात हवं होतं.

आत्या उठू लागल्या, तोच भाचीचा हात त्यांच्या बगलेत गेला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी भाचीला हात पाठीमागे बांधायला लावले. आत्या जेमतेम वर आल्या आणि धपकन माझ्यावर आदळल्या.

"ही मला पाण्याचा पेला उचलू देत नाही," आत्या म्हणाल्या. "महाराणी करून ठेवलंय मला."

"आणि पडलीस तर? तुझ्याशिवाय कोण आहे मला, आत्या?"

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. भीती नुसत्या वयाची नाही. शरीर इतकं अशक्त असताना भूल आणि शस्त्रक्रिया झेपली नाही, तर माणूस अंथरुणाला खिळू शकतो. थांबण्यातही धोका आहे. गाठ कडक झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तडक यायचं. मग त्यांनी आत्यांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय?

"शंभरी गाठायची हौस नाही मला. संडासला माझ्या पायांनी जाता आलं पाहिजे. तेवढं उरणार असेल तर कापा."

ठरलं की काही आठवडे थांबायचं. दूध, अंडी, श्वासाचे व्यायाम आणि सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून उठबस. भाचीने फक्त शेजारी उभं राहायचं. मला सुताराची आठवण झाली.

पुढच्या खेपेला भाचीने न सांगता हात पाठीमागे घेतले. आत्या उठल्या. दाराशी त्यांचा तोल जरासा गेला, भाचीचं पाऊल पुढे पडलं आणि तिथेच थांबलं. आत्या सावरल्या, परत आल्या आणि माझ्यावर हलकेच टेकल्या. धोका कमी झालाय, संपलेला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बजावलं.

शस्त्रक्रिया झाली. नंतर थोडे दिवस आत्या भ्रमात होत्या. नर्सला टायपिंगच्या चुका दाखवायच्या. भाची घाबरली, पण ते हळूहळू निवळलं. टाके सुकल्यावर दोघी दाखवायला आल्या, तेव्हा आत्या उठून आधी संडास कुठे आहे ते विचारून एकट्याच गेल्या. त्या परत येईपर्यंत भाची माझ्यावर बसून दाराकडे बघत होती. हात मांडीखाली दाबून धरलेले होते.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस खुर्चीतून उठू लागलं की जवळ जाऊन उभे राहा. पडायला लागलं तर जरूर धरा. पण उठत असेल, तर उठू द्या.