चिलीचं प्रगतिपत्रक

तिसरीच्या प्रगतिपत्रकावरून ए, बी, सी ही अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी एक ते चार आकडे आले, तेव्हापासून लॉइड ब्रेमरचा घास गोड लागेना. नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावात त्याचं टायरचं दुकान होतं. टायर बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला तो मुलीचं प्रगतिपत्रक दाखवायचा. शेवटी तो वर्गावरच येऊन थडकला.

"पॉस्पिशिल बाई, टेसाला वाचनात तीन. चारांत तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के. म्हणजे सी! माझ्या पोरीला सी?"

"टक्के कुठून काढलेत? तीन म्हणजे या इयत्तेत जे यायला हवं, ते तिला येतं."

"मग सरळ ए लिहा ना!"

"आणि अपूर्णांकात दोन आहे, त्याचं काय? ते तिला अजून चाचपडत येतं. ए लिहिला तर तुम्हाला कळणार कसं?"

"आमच्या वेळी ए म्हणजे ए होता. माझी आई तो चष्मा न लावताही वाचायची," लॉइड म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

पॉस्पिशिल बाईंनी तीस वर्षं पोरं सांभाळली होती, त्यामुळे आईबापांनाही त्या पुरून उरायच्या. ऑक्टोबरात शाळेचं चिलीचं जेवण होतं. दरवर्षी घरोघरचे लोक राजमा-खिम्याची चिली मोठमोठ्या भांड्यांतून आणायचे, सोबत दालचिनीचे गोड रोल, आणि परीक्षक पहिला नंबर काढायचा. तो बहुतेक वेळा लॉइडचाच यायचा. यंदा परीक्षक पाद्रीबाबा दाढ काढून घरी बसले. "मी आहे की!" बाई इतक्या चटकन म्हणाल्या, की मुख्याध्यापिकेला तेव्हाच शंका यायला हवी होती.

जेवणाच्या दिवशी बाईंनी सगळ्या चिली चाखल्या आणि प्रत्येक भांड्यापुढे एक कागद ठेवला. लॉइड पहिल्या नंबराची निळी फीत शोधत आला, तर तिचा पत्ताच नाही. त्याने कागद उचलून मोठ्याने वाचला.

"राजमा शिजणे: तीन. तिखट: चार. मीठ: दोन, प्रयत्न चालू आहेत. दुसऱ्यांचं ऐकून सुधारणा करणे..." त्याचा आवाज चढला. "एक? एक!"

सगळा हॉल हसला. सर्वांत मोठ्याने हसली त्याची बायको जोलीन.

"तुला काय झालं हसायला?"

"मीठ जास्तच असतं रे. लग्न झाल्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले की. ती चौथी ओळ पुन्हा वाच."

बाईंना मनातून गुदगुल्या होत होत्या. पण तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, पण जिंकलं कोण?" मग जो तो तेच विचारू लागला. दोघे जण तर कागदी रुमालावर आकड्यांच्या बेरजा करायला बसले.

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला काय येतं आणि काय नाही, ते लिहिलंय. तेवढं पुरे."

"असं होय?" जोलीनने मान तिरकी केली. "मग तुम्ही आमच्याच भांड्यातून दुसऱ्यांदा वाढून का घेतलंत? मी बघितलं बरं का, बाई."

पॉस्पिशिल बाई कानापर्यंत लाल झाल्या.

"हां!" लॉइडने टेबलावर थाप मारली. "ते कुठल्या ओळीत लिहिलंय, दाखवा!"

कुठल्याच ओळीत नव्हतं. मीठ खरंच जास्त होतं, आणि तरीही त्या हॉलमधली सगळ्यात झकास चिली तीच होती. बाई मुकाट्याने गेल्या, खोक्यातून फीत काढली आणि लॉइडच्या भांड्याला बांधली. टाळ्या पडल्या. लॉइडने मात्र तो कागदही घडी करून खिशात घातला.

पुढच्या महिन्यात शाळा मंडळाची बैठक झाली. लॉइड उभा राहिला. आता हा आकड्यांवर बरसणार, म्हणून बाई कंबर कसून बसल्या होत्या. पण तो म्हणाला, "आकडे राहू द्या. मला मिठाचं कळलं ते त्यांच्यामुळेच. पण वर एक अक्षरही द्या, म्हणजे आमच्या म्हातारीला कळेल." मंडळाला असा तंटा मिटवणारा तोडगा हवाच होता. एकमताने ठरलं: दोन्ही द्यायचं.

बाईंनी कपाळावर हात मारला. लॉइडची खोड मोडायला गेल्या आणि दुप्पट काम गळ्यात पडलं. नाताळच्या सुट्टीआधीचा अख्खा आठवडा त्या ओळीओळीचे आकडे भरत बसल्या आणि वर प्रत्येकाचं एकेक अक्षर ठरवत राहिल्या. टेसाला त्यांनी बऱ्याच विचाराअंती बी दिला.

प्रगतिपत्रकं घरी गेली त्याच दुपारी फोन वाजला.

"बाई, लॉइड बोलतोय. हा बी काढलात कसा?"

"खालच्या ओळी वाचा."

"वाचल्या. अपूर्णांकात अजून दोनच आहे तिला."

"आहे ना. मग काय करणार आहात?"

मग लॉइड खाकरून हळूच म्हणाला, "बाई, खरं सांगू? मलाही अपूर्णांक कधी धड आले नाहीत. शनिवारी दोघांनाही घेऊन बसाल का?"

"या," बाई म्हणाल्या, "आणि येताना चिली आणा."