पाणी मागू नको

पोरगी पाहाले आलेले पाहुणे पोहे खातात, दोन गोष्टी पुसतात अन् जातात. नंदाबाईले हे पटत नव्हतं. "पोह्यात काय समजते?" ती फोनवर बोलली होती. "संगं प्रतापगड चढू. महादेवाचं दर्शन होईन, वरून मुलूख पाहू, अन् पोट्टी चालते कशी तेबी दिसंन. आमच्या इथं धानाच्या रोवणीले सुनेलेच बांधीच्या चिखलात उतरा लागते."

म्हणून एकोणीस वर्षांची रविता सकाळच्या पारी पायथ्याशी उभी होती, नव्या चपला घालून. संगं माय शामकला अन् बाप तेजराम. समोर नंदाबाई अन् तिचा पोरगा उमेंद्र, हातात पाण्याची मोठी बाटली. शिवरात्रीची यात्रा व्हायची होती, गर्दी नव्हती.

शामकलानं पोरीले बाजूले ओढलं. "घडीघडी पाणी मागू नको. त्यायले शक येईन."

"डॉक्टर म्हणते, पाणी पेत राय."

"डॉक्टर पाहून देईन का नवरा?"

रविताच्या रक्तात सिकल होतं, सिकलसेलची बिमारी. जास्त दमली, पाणी कमी पडलं, का हाडं अशी ठणकत जसं आतून कोणी मुसळानं कांडून राहिलं. याच दुखण्यापायी दहावीत शाळा सुटली. मागं एका ठिकाणी बापानं खरं सांगतलं, तर पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. तवापासून शामकलानं सगळ्यायच्या तोंडाले कुलूप लावलं होतं.

चढण सुरू झाली. नंदाबाई पन्नाशीची, पण बकरीवानी टणटण चढे. मागं वळे अन् टोमणा मारे, "काऊन व पोरी, म्हातारीनं मागं टाकलं तुले!"

"चपल चावून राहिली, मावशी."

"अन् शाळा कायले सोडली?"

रविता तोंड उघडायच्या आत शामकला बोलली, "मन नाही लागलं, बाई. घरकामाचीच हौस तिले."

रविताच्या कानशिलापर्यंत राग चढला. मन लागत होतं तिचं! गणितात पोट्ट्यायले रडवे ती. तिनं बापाकडं पाहिलं. तेजराम झाडाकडं पाहाले लागला, जसं काही तिथं माकड बसलं होतं.

अर्ध्या वाटेत उमेंद्रनं बाटली पुढं केली. "पाणी पेता काय?"

मायचे डोळे मोठे झाले.

"नको," रविता बोलली. जीभ टाळूले चिकटली होती.

किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी पोहोचेपर्यंत ठणक घोट्यातून गुडघ्यात आली अन् गुडघ्यातून कमरेत. खाली जंगलच जंगल, मधात चकाकते तलाव, कापणी झालेल्या बांध्या. तेजराम हात लांब करून दाखवून राहिला, "ते तिकडं नवेगाव बांध." कोणाचं ध्यान नव्हतं. नंदाबाईनं मोबाइल काढला.

"ये व पोरी, उमेंद्रच्या बाजूले उभी राय. फोटो धाडतो घरी. धीमी आहे थोडी, पण मले पसंत आहे."

शामकलाचा चेहरा फुलला. रविता दोन पावलं चालली अन् भिंतीले धरून खाली बसली.

"उपाशी आहे ना सकाळपासून," शामकला घाईनं बोलली.

"उपाशी नाही मी!" रविता अशी ओरडली का भिंतीतले पारवे उडाले. "सिकल आहे मले. अगुदर पाणी द्या!"

उमेंद्रनं बाटली दिली. ती घटाघटा प्याली, अर्धं गळ्यावर सांडलं. मंग नंदाबाईचा तोंडपट्टा सुटला. "बिमार पोट्टी गळ्यात बांधून राहिले होते काय आमच्या? उद्या लेकरं झाली असती तर तेबी अशीच!"

"लेकराले माय-बाप दोघायकडून आलं, तर अशी बिमारी होते," रविता दात दाबून बोलली. "माझ्या मायले कधी काही झालं नाही, बाबालेबी नाही. दोघायच्या रक्तात लपून होतं. माझ्याशी नका करू लगन. पण ज्या पोरीशी कराल, तिच्यासाठी तुमच्या पोराचं रक्त तपासा."

"आमच्या घरात असलं काही नाही!"

"माय," उमेंद्र हळूच बोलला, "आपल्या मंजूचे पाय असेच दुखत."

"चूप राय तू!"

"तिसरीत होती तवा मेली माझी बहीण. डोळे पिवळे झाले होते तिचे. आपण बाहेरचं झालं म्हणून झाडफुकीवाल्याकडं नेत राहिलो."

नंदाबाईचा हात पोरावर उठला अन् तसाच अधांतरी राहिला. ती पाठ फिरवून खाली निघाली, दगड-गोटा न पाहता. उमेंद्रनं रविताकडं एकवार पाहिलं अन् मायच्या मागं धावला.

"झालं तुह्या मनासारखं?" शामकला पोरीवर खेकसली. "राय आता जलमभर आमच्या उरावर."

तेजराम पोरीपुढं उकिडवा बसला. "चढ पाठीवर."

"बाबा, मी लहान आहो काय आता?"

"चढ म्हणतो ना."

बाप जपून जपून उतरून राहिला. हरेक पावलाले रविताच्या कमरेत कळ जाई. शामकला मागं, नाक ओढत. एका वळणावर तेजराम थबकला. खाली नंदाबाई वाटेतच एका दगडावर बसली होती, पदराचा बोळा तोंडात धरून. उमेंद्र बाजूले उभा. दुसरी वाट नव्हती. त्यायच्याजवळूनच जा लागत होतं.

जवळ पोहोचल्यावर नंदाबाईनं मान वर केली नाही. जमिनीकडं पाहतच पुसलं, "लय दुखते काय व?"

खोटं बोलावं, असं एक घडी रविताच्या मनात आलं. म्हातारी कोणासाठी पुसून राहिली, ते तिले समजलं होतं.

"हो, मावशी," ती बोलली. "लय दुखते."