अंजनीबाई सभागृहाचं मागचं दार

"तुझ्या बापाचा हॉल आहे म्हणून तिथेच घ्यायची का टूर्नामेंट?" विनय भैया भर बाजारात ओरडला.

"हो, बापाचाच आहे! मग?"

"अबे, शादी का हॉल है वो. पोरं गेम खेळायला येतील का मंगलाष्टकं ऐकायला?"

"आणि तुझ्या महाराजपुरच्या गार्डनमध्ये काय करतील? टिनाचं शेड आहे ते. दुपारी दोनला माझा फोन इतका तापला की स्क्रीन आपोआप काळी पडली. तिथे फायनल खेळवशील? खेळव. मी नाही येणार."

"नको येऊ. तेरे बिना शहर बंद हो जाएगा क्या?"

मी हातातला मापाचा टेप त्याच्या बाइकच्या सीटवर आपटला. टेप उसळला, सुटला आणि आमच्या गोरखपुर मोहल्ल्याच्या रस्त्यावर सापासारखा पळत जाऊन एका ई-रिक्षाच्या चाकाखाली गेला. केळीवाला हसला. मी त्याच्याकडे पाह्यलं, तसा तो केळी नीट लावायला लागला.

विनय भैयाचं बडा फुहारा चौकाजवळ कपड्याच्या दुकानाच्या वर गेमिंग कॅफे आहे. मी त्याच्या टीमचा कॅप्टन. इंदूरच्या एका कंपनीने त्याला सांगितलं होतं की यंदा शहराची टूर्नामेंट लाइव्ह घ्यायची, लोकांसमोर, स्टेजवर. सोळा टीम, प्रत्येकीत चार जण, दोन मोठे स्क्रीन, आणि पाहायला पाचशे लोक. जागा कोणती ते आज पाच वाजेपर्यंत फोटोसकट कळवायचं, नाही तर टूर्नामेंट सागर शहराला जाणार. जागा शोधायचं काम माझ्याकडे होतं. नऊ दिवसांत अकरा जागा पाह्यल्या. एका हॉटेलात बरोबर स्टेजसमोर खांब. आधारतालच्या एका तळघरात नेटच येत नव्हतं. बोट आत्ता दाबा, गोळी उद्या सुटेल. उरले दोन. त्याचं गार्डन आणि आमच्या मंडळाचं अंजनीबाई सभागृह.

हॉल चांगला होता हे खरं. जाड भिंती, आत गार, मोठं स्टेज. पण माझं भांडण बाबांसाठी होतं.

मी ऑगस्टमध्ये अकरावी सोडली. फिजिक्सच्या सरांशी वाजलं, दप्तर वर्गातच ठेवून घरी आलो. तेव्हापासून बाबा माझ्याशी सरळ बोलत नव्हते. मी समोर बसलेला असायचो आणि ते आईला म्हणायचे, "नंदा, त्याला सांग, पंखा बंद कर." सात महिने असं चाललं. मग मागच्या आठवड्यात मी आईला हॉलबद्दल सांगून राहिलो होतो, तर बाबांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "किती पोरं येतील?"

मी मागे वळून पाह्यलं, आई आहे का. ती दूर ओट्याजवळ होती, बाबा माझ्याकडे पाहत होते. म्हणजे मलाच विचारलं होतं.

बाबा मंडळाचे सेक्रेटरी आहेत. अध्यक्ष विष्णुपंत काका म्हणाले की हॉलमध्ये मोबाइलचे खेळ चालणार नाही. बाबा कमिटीत दोन तास भांडले. मला हे हॉल सांभाळणाऱ्या गणपत काकांनी सांगितलं, ते तिथे चहा देऊन राहिले होते. "साहेब टेबलावर हात मारून म्हणे, माझ्या पोराचा कार्यक्रम हाय." हे ऐकून मी उगाच गेटपर्यंत जाऊन परत आलो होतो. उभं राहवत नव्हतं.

तर मी हा हॉल कसा सोडणार?

शेवटी विनय भैया थंड झाला. वाकडा झालेला टेप उचलून म्हणाला, "चलो, ठीक है. नेटची वायर मागच्या गल्लीतल्या खांबावरून येईल. मागच्या दारातून आत घेता येत असेल तर तुझा हॉल पक्का. जा, पाहून घे."

दोन वाजले होते. मी गल्लीत गेलो. दार होतं. हिरवं, दोन फळ्यांचं, गंजलेलं कुलूप, वर लाल रंगात लिहिलेलं, 'आपातकालीन द्वार'. खांब समोरच. मी फोटो काढला, कोपऱ्यापासून पावलं मोजली. अठरा. खूश होऊन फिरून पुढच्या दारातून आत आलो आणि स्टेजवर चढलो.

मागच्या पडद्याच्या वर एक हिरवा दिवा आहे, त्यात पळणारा माणूस. चालू होता. मी पडदा बाजूला केला.

भिंत.

मला वाटलं माझी जागा चुकली. कोपऱ्यापासून पावलं मोजली. अठरा. बरोबर दिव्याच्या खाली उभा होतो. भिंतीला पांढरा डिस्टेंपर, चार खिळे, दरवर्षी गणपतीचा मखर बांधतो ते. मी हाताने ठोकून पाह्यलं. पोकळ आवाज नाही. मी धावत परत गल्लीत गेलो. दार होतं. परत आत आलो. भिंत. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा गल्लीतली एक बाई म्हणाली, "क्या हुआ बेटा, कुछ गिर गया क्या?"

मी मान हलवून आत पळालो. 

गणपत काका खाली खुर्च्या लावून राहिले होते.

"काका, दार कुठे आहे?"

"कोणतं?"

"मागचं!"

"ते बाहेर हाय ना."

"आणि आत?"

"आत भित हाय," ते म्हणाले, जसं मी विचारलं की आज वार कोणता.

"मग हा दिवा काहून लावला?"

"दिवा मीच पुसतो दर साली. तपासणीवाले येते ना, तवा. ते गल्लीतून दार पाहते, मंग अंदर येऊन दिवा पाहते, मंग चहा घेते."

"पडदा नाही उचलत कोणी?"

"पडदा कायले उचलते?"

मी स्टेजवरच बसलो. काकांनी मग सगळं सांगितलं, खुर्च्या लावता लावताच. एका साली या हॉलमध्ये लागलेली तीन लग्नं मोडली, आठ महिन्यांत तीन. विष्णुपंतांनी नागपुराहून वास्तूवाला आणला. तो म्हणे, दार दक्षिणेला हाय, बुजवा. बुजवलं. कागदावर दोन दारं होती म्हणून बाहेरचं तसंच ठेवलं, दर दोन वर्षांनी रंग मारते.

"कोणी बुजवलं?"

"साहेबांनी. इथंच खुर्ची टाकून बसले होते दोन दिवस. तू लहान होता, रेतीत खेळत होता. मिस्त्रीच्या घमेल्यात बसून गेला होता एकदा."

 मी त्या रेतीत खेळलो होतो.

मागच्या गणपतीत महाप्रसादानंतर या हॉलमधून बाहेर पडायला मला बावीस मिनिटं लागली होती. मी मोजली होती, कारण माझी ऑनलाइन मॅच सुरू होणार होती आणि मी चिडलो होतो. पुढचं दार एकच, त्याची एक फळी नेहमी बंद, मध्ये चपलांचा ढीग. तेव्हा सहाशे लोक होते, आज्या होत्या, कडेवरची पोरं होती. आणि सगळे त्या हिरव्या दिव्याखाली उभं राहून आरती म्हणत होते.

अडीचला बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कमिटीचं पत्र. चेहऱ्यावर असं काही होतं की मी वर्षभरात पाह्यलं नव्हतं.

"झालं," ते म्हणाले. "सही झाली विष्णुपंतांची. दोन दिवस हॉल तुझा."

"बाबा, मागे दार नाही."

"आहे की."

"भिंत आहे."

"हां, ती आतून."

एवढंच. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मला वाटलं होतं ते दचकतील, निदान खोटं बोलतील, मग मी भांडीन. भांडायला काही दिलंच नाही त्यांनी.

"पाचशे पोरं राहतील इथे! वायरी राहतील, दोन मोठे स्क्रीन, जनरेटर. काही पेटलं तर?"

"इतक्या वर्षांत नाही पेटलं."

"तुम्हाला माहीत होतं!"

"सगळ्यांनाच माहीत आहे, अन्नू. तुझ्या आईला माहीत आहे. तुझ्या विनता मावशीचं लग्न त्याच भिंतीसमोर लागलं. झालं का काही?" ते हसले. "तुला त्या दिव्याचाच त्रास होत असेल तर बंद करून टाकू. गणपत, याचं बटन कुठे आहे रे?"

"बटन नाही साहेब त्याले. डायरेक हाय."

अन्नू म्हणाले ते मला. सात महिन्यांनी. आणि मी ते ऐकून खूशही होऊ शकलो नाही.

मी धावत बाहेर गेलो, गेटवर थांबलेल्या विनय भैयाला हात धरून आणलं, पडदा उचलला. मला खात्री होती की हा तर नाचेल. मघापर्यंत त्याला हा हॉल नकोच होता.

त्याने भिंत पाह्यली. हात फिरवला. शिटी मारली.

"यार, ये तो बेस्ट है! मोठा स्क्रीन इथेच लावू. मागे सपाट पाह्यजेच होतं."

"अबे, दार बुजवलं आहे!"

"तो? दार बाहेरून दिसते ना? बाहेरचा फोटो टाक फॉर्ममध्ये. झूठ थोड़ी है, दार तर आहेच."

"मघाशी तू रस्त्यावर ओरडून राहिला होता, हा हॉल नको म्हणून!"

"तब अंकलने सही नहीं दिलवाई थी. आता सगळं जमून आलं तर तूच काहून बिघडवून राहिला?"

मी एकदा त्याच्याकडे पाह्यलं, एकदा बाबांकडे, एकदा गणपत काकांकडे. तिघंही माझ्याकडेच पाहत होते, जसा मीच काही फोडून आलो. मला खरंच वाटलं की माझं डोकं फिरलं आहे. मी पुन्हा एकदा पडद्यामागे हात घातला. गार, खरखरीत. होती.

फॉर्म माझ्या फोनवर होता. त्यात साफ लिहिलं होतं, प्रत्येक दाराचा एक फोटो बाहेरून, एक आतून. बाहेरचा मी गल्लीतूनच टाकला होता. मी पडदा खिळ्याला अडकवला, चार पावलं मागे गेलो आणि आतला काढला. वर पळणारा माणूस, हिरवागार, आणि खाली भिंत.

"अन्नू." बाबा जवळ आले. आवाज हळू झाला होता. "मी कमिटीत तुझ्यासाठी भांडलो."

"माहीत आहे."

"हा फोटो गेला तर हॉलला कुलूप लागेल. पुढच्या महिन्यात चार लग्नं आहेत इथे. आणि बुजवणारा म्हणून नाव माझं येईल. विष्णुपंतांचं नाही, माझं."

"मग तोडून टाका ना बाबा! चार विटा आहेत! आजच तोडू, मी तोडतो!"

"असं नसते बेटा. कमिटी असते, ठराव असतो. तुझा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग पाहू."

"मग पाहू कधी?"

त्यांनी हातातल्या पत्राची घडी घातली. माझा अंगठा स्क्रीनवर होता. मॅचमध्ये शेवटचा एक उरलेला असतानाही मी कधी एवढा थांबलो नाही. विनय भैया म्हणाला, "अन्नू, मत कर यार." मी दाबलं.

बाबा ओरडले नाही. हातही उचलला नाही. स्टेजच्या कडेला बसले, पत्र मांडीवर. त्या दुपारी पहिल्यांदाच कोणी माझ्यासारखं हादरलेलं दिसलं, पण भिंतीकडे पाहून नाही. माझ्याकडे पाहून.

चार वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा इंदूरहून फोन आला. राजश्री मॅडम, टूर्नामेंट त्याच पाहतात.

"अनिमेष कोण? तूच का? हा दुसरा फोटो चुकून आला का रे? यात दार कुठे आहे?"

"नाही आहे मॅडम. चुकून नाही आला."

 मग त्या म्हणाल्या, "बापरे. आणि इथे कार्यक्रम होतात?"

"रोज."

"हा हॉल रद्द. त्या मंडळाला मी आजच लिहून कळवते. आणि ऐक, पाच म्हणजे पाच. दुसरी जागा असेल तर आतून-बाहेरून सगळे फोटो पाठव, तिथे उभं राहून काढलेले, जुने नकोत. नाही तर मी सागरला हो म्हणते."

फोन ठेवला. विनय भैयाने मला दोन शिव्या घातल्या, एक हिंदीत, एक मराठीत, आणि तो बाइक काढायला धावत बाहेर गेला. फोटोंसाठी महाराजपुर गाठायचं होतं, इथून अर्धा तास, या वेळी तर जास्तच. टिन तर टिन. मॅच सहानंतर ठेवू, ऊन उतरल्यावर. तिथे निदान तिन्ही बाजू उघड्या आहेत, मी स्वतः पाह्यल्या आहेत. पण आता मला माझ्या पाहण्यावरही भरवसा नव्हता. या हॉलमध्ये मी सतरा वर्षं येऊन राहिलो होतो.

मी बॅग उचलली. बाबा तिथेच होते. त्यांनी बाजूची जागा हाताने झटकली.

"बस जरा," ते म्हणाले. "बोलायचं आहे तुझ्याशी."

बाहेर हॉर्न वाजला. चार वाजून पाच मिनिटं.

"बाबा, मला आता निघावं लागते."