मैनाने मारलेली खूण

माझी बायको मैना दर शिमग्याला आमच्या ठमीला दाराच्या चौकटीला उभी करायची आणि डोक्याच्या उंचीवर लाकडाला कोयत्याने चीर मारायची. १९६८च्या आषाढात मैना गेली. पुढच्या शिमग्याला मी ठमीला उभी केली. डोकं जुन्या चिरेशीच. दहा वर्षांची पोर वर्षभरात बोटभरही वाढली नव्हती.

रेवसहून तिला अलिबागला डॉक्टरकडे नेली. आजार काही निघाला नाही.

"झोपते किती?"

"झोपते पुष्कळ, पण तुकड्यांनी. ओहोटी असेल तेव्हा, रात्रीसुद्धा, आम्ही मासे धरायला उठतो. आईच्या जागी मासळी निवडायला तीच असते."

डॉक्टर म्हणाले, "अंग वाढवणारा रस डोक्यातल्या एका ग्रंथीतून दिवसभर थोडा थोडा सुटतो. सगळ्यात जास्त सुटतो तो रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. हे आत्ताच कळलंय. तेवढंच कारण आहे असं मी म्हणत नाही, पण सहा महिने तिची झोप मोडू नका."

मी ठरवलं, मोडायची नाही.

पण वल्ह्यांचा आवाज झाला की ठमी आपसूक उठायची. "आयचं काम हाय ते. मी येणार," म्हणून रडायची. मग मी वल्ही आणि मासळीच्या पाट्या शेजारी, भावाच्या पडवीत ठेवल्या. मासळी एकटाच निवडू लागलो. उन्हं वर येईपर्यंत हात चालायचे.

भावाची बायको केसर म्हणायची, "भावजी, पोरीला राणी केलीत. सासरी कोण झोपू देईल?"

"सासरचं सासरी बघू, वहिनी."

पावसानंतर केसरनेच आमच्या घरात नवी माती घालून जमीन चोपून दिली. दसऱ्याला मी ठमीला उभी केली. डोकं चिरेच्या वर तीन बोटं!

केसर हसली. "माती वाढली, भावजी. पोर न्हाय."

ठमीचा चेहरा उतरला. मी कुदळ आणली आणि चौकटीपाशी उकरू लागलो.

"अवो, आत्ताच चोपलीय ना मी!"

"पुन्हा चोपीन."

खाली मैनाच्या हातची काळी, टणक जमीन लागली. ती हाताने साफ केली. ठमी अनवाणी तिच्यावर उभी राहिली, टाचा टेकून. मी बोट लावून बघितलं. चिरेच्या वर दीड बोट.

"वहिनी, तुम्हीच बघा."

केसरने दोनदा बघितलं. मग कोयता घेतला आणि नवी चीर मारली.

"आता मी रात्री मासळीला येऊ ना, बा?" ठमीने विचारलं.

"शाळा सुटल्यावर ये. जाळी विणायला."

त्या दिवशी ओहोटी मध्यरात्रीची होती. वल्ही मी केसरच्या पडवीतूनच उचलली. ठमी गाढ झोपेत होती.